मगर पहिल्या पानावर, नदी आतल्या पानावर

बडोद्यात पावसाळ्यात दोन आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात: आजवा धरण किती फुटांवर आहे आणि काळा घोडा पुलाखाली विश्वामित्री किती चढली आहे. नदीची धोक्याची पातळी २६ फूट, हे दांडिया बाजारातल्या आजीसुद्धा झोपेतून उठून सांगतील. हे कुणी मुद्दाम शिकवलेले नाही. गुजराती दैनिकांनी ते वर्षानुवर्षे छापले, चॅनेलांनी पट्टीवर फिरवले, आणि आता सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते तासातासाला येतात. तिसरा आकडा मात्र कुणालाही विचारून पाहा: शहरातून जाताना नदीच्या पात्रात किती पाणी मावते आणि वीस वर्षांपूर्वी किती मावायचे? तो पाठ नाही, कारण तो रोज छापून येत नाही.

माध्यमे राजकारणावर परिणाम करतात म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कुणाची तरी तळी उचलणारा अँकर येतो. तो परिणाम आहे, पण दुय्यम आहे. बाजू इतकी उघड दिसली की विरुद्ध मताचा माणूस चॅनेल बदलतो आणि आपल्या मताचा माणूस आधीच पटलेला असतो. खरे काम होते ते कोणता प्रश्न महत्त्वाचा आणि त्याचा जाब कुणाला विचारायचा, हे ठरवण्यात. १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत मॅक्सवेल मॅककोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या दोघांनी चॅपेल हिल या गावातल्या, अजून मत न ठरलेल्या १०० मतदारांना देशापुढचे मुख्य प्रश्न कोणते ते विचारले. त्या उत्तरांची क्रमवारी त्यांनी तिथे पोचणाऱ्या वर्तमानपत्रांतल्या आणि टीव्हीवरच्या बातम्यांशी ताडून पाहिली. दोन्ही क्रमवाऱ्या जवळजवळ तंतोतंत जुळल्या. १९७२ साली हे संशोधन छापून आले आणि या विषयाचा पाया तिथे पडला.

जाब कुणाला, हा भाग शांतो आयंगार यांनी १९९१ साली मांडला. त्यांनी बातम्यांचे दोन साचे वेगळे केले. आपण त्यांना प्रसंगाची बातमी आणि कारणाची बातमी म्हणू. पहिलीत एक कुटुंब, एक अपघात, एक दिवस असतो. दुसरीत धोरण, आकडे, दहा वर्षांचा हिशेब असतो. गरिबीबद्दलची प्रसंगाची बातमी पाहिलेले प्रेक्षक दोष बहुधा त्या गरीब माणसाच्या माथी मारत. कारणाची बातमी पाहिलेले सरकारकडे आणि समाजाकडे बोट दाखवत. विषय तोच, फक्त साचा वेगळा.

आता हे विश्वामित्रीला लावून पाहा. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस, ऐन जन्माष्टमीच्या सुमारास, काळा घोड्यापाशी पाणी ३५ फुटांच्या वर गेले. लष्कराला बोलवावे लागले, अर्ध्या शहरात तळमजले बुडाले. त्या आठवड्यात बडोद्याबाहेरच्या जगाने काय पाहिले? शहरातल्या अकोटा भागात घराच्या छपरावर चढून बसलेली मगर. चित्र जबरदस्त होते, परदेशी वाहिन्यांपर्यंत गेले. पण मगरीच्या बातमीत जाब विचारायला असते कोण? मगर, नाहीतर पाऊस. दोघेही निवडणुकीला उभे राहत नाहीत.

गंमत अशी की याच मगरीवरून चांगली कारणाची बातमी निघते. आपल्या नदीतली मगर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात आहे. ती साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठच्या मातीत घरटे करते, पिल्ले जूनच्या आसपास बाहेर येतात. नदी खोल करायची, काठ कापायचा तर वन खात्याला बाजूला ठेवता येत नाही. आणि यंत्रे चालवायला जो कोरडा काळ मिळतो, नेमक्या त्याच काळात काठात अंडी असतात. म्हणजे नदीचे काम कोणत्या महिन्यात, किती लांबीत आणि कुणाच्या देखरेखीखाली होणार, हा मगरीचाच प्रश्न आहे. ही बातमी फेब्रुवारीत छापायची असते. छपरावरच्या मगरीचा फोटो ऑगस्टमध्ये मिळतो.

बातमीदार आळशी म्हणून असे होते, असे समजणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. प्रसंगाची बातमी दोन तासांत उभी राहते. मगर पकडणाऱ्या स्वयंसेवकांचा व्हिडिओ आयता येतो, जागेवर दोन माणसे बोलायला तयार असतात, वकिलाची नोटीस येण्याची भीती नसते. कारणाच्या बातमीला नगररचना योजनेचा नकाशा लागतो, जुने उपग्रहचित्र लागते, पूररेषेच्या आत कुठल्या साली कुणी परवानगी दिली ते कागद लागतात. भूखी आणि रूपारेल या कांसांचे, म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या ओढ्यांचे, पाणी आधी कुठून जायचे आणि आता कुठे अडते, ते पायी फिरून पाहावे लागते. दोन-तीन आठवडे एक माणूस त्यात अडकतो. शिवाय विषय एका बीटमध्ये बसत नाही. पालिकेचा बातमीदार वेगळा, वन खात्याचा वेगळा, कलेक्टर कचेरीचा वेगळा. नदी तिघांच्या मधून वाहते. जाहिरातीचेही आहेच. पालिका, राज्य सरकार आणि बांधकाम व्यावसायिक हेच कोणत्याही शहर-पुरवणीचे मोठे जाहिरातदार असतात. बहुतेक वेळा बातमी दाबायला कुणी फोन करत नाही, तशी गरजच पडत नाही. ती बातमी घ्यायला कुणी पाठवलेलेच नसते.

राजकारणी हे सगळे आपल्यापेक्षा लवकर ओळखतात. अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा यांनी २००९ साली अमेरिकेतल्या आपत्तींवरचा सरकारी खर्च आणि मतदान ताडून पाहिले. मदतीवर खर्च केला की मते वाढतात, आपत्ती येऊ नये म्हणून खर्च केला की वाढत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. वास्तविक पूर्वतयारीवरचा १ डॉलर पुढचे सुमारे १५ डॉलरांचे नुकसान वाचवतो, असाही त्यांचा अंदाज होता. मदतीचा फोटो निघतो. न आलेल्या पुराचा फोटो निघत नाही.

२०२४ च्या पुरानंतर काय झाले ते या चष्म्यातून वाचा. पहिल्या दिवसांत बातम्यांचा रोख संतापावर होता. नगरसेवक आणि आमदार पाहणीला आले तेव्हा लोकांनी त्यांना सोसायटीच्या दारात सुनावले, आणि ते व्हिडिओ दिवसभर फिरत राहिले. मग मदत जाहीर झाली: हातलारीवाल्याला ५,००० रुपये, महिन्याला ५ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या पक्क्या दुकानाला ८५,०००, मोठ्यांना कर्जावर व्याजात सवलत. विश्वामित्रीच्या कामासाठी १,२०० कोटींची घोषणा झाली, तज्ज्ञांची समिती नेमली गेली. हे सगळे छापून आले म्हणून झाले, याबद्दल मला शंका नाही. टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांनी २००२ साली भारतातल्या १६ राज्यांची १९५८ ते १९९२ पर्यंतची आकडेवारी तपासली. जिथे वर्तमानपत्रांचा खप जास्त, तिथे पूर-दुष्काळात सरकारची मदत जास्त, असे त्यांना आढळले. त्यातही जोर इंग्रजीचा नव्हे, प्रादेशिक भाषांतल्या पत्रांचा होता. रोज सकाळी गुजराती पेपर उघडणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवावे. दिल्लीच्या चॅनेलवर आपले शहर दिसले याचा आनंद मोठा असतो, पण पालिकेला घाम फुटतो तो स्थानिक आवृत्तीच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानाने.

मग ओघ आटतो. थॉमस आयसेन्से आणि डेव्हिड स्ट्रॉमबर्ग यांनी २००७ साली दाखवले की ऑलिंपिक चालू असताना एखादी आपत्ती आली तर अमेरिकेकडून मदत मिळण्याची शक्यता घटते, कारण बातम्यांत जागाच उरत नाही. आपले ऑलिंपिक दरवर्षी ठरलेल्या वेळी येते. २०२४ मध्ये पाणी ओसरून जेमतेम आठवडा होतो तोच ७ सप्टेंबरला गणपती बसले, ३ ऑक्टोबरला नवरात्र सुरू झाली. पाने मंडळांच्या देखाव्यांनी आणि गरब्याच्या पासांनी भरली. त्यात गैर काही नाही. पेपर लोकांना हवे तेच छापतो. फक्त नदीवरचा पाठपुरावा ज्या आठवड्यात व्हायला हवा, तोच आठवडा हातचा जातो.

हे कुणाच्या शब्दावर न विसंबता स्वतः मोजता येते. दोन माणसे आणि एक साधी एक्सेल शीट पुरे. दोन गुजराती दैनिकांच्या बडोदा आवृत्त्या घ्या. पुराच्या आधीचे तीन दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस, रोजचा अंक. उरलेल्या वर्षासाठी रोज वाचत बसायची गरज नाही: दोन रचलेले आठवडे घ्यायचे, म्हणजे वर्षातल्या सगळ्या सोमवारांतून चिठ्ठीने दोन, मंगळवारांतून दोन, असे चौदा अंक. दैनिकाच्या वर्षभराच्या मजकुराचा अंदाज यायला एवढे बसते, हे तपासून ठरलेले माप आहे. सलग दोन आठवडे मात्र घेऊ नका. त्यात नेमका एखादा सण किंवा अर्थसंकल्प सापडला की चित्र बिघडते.

प्रत्येक बातमीची एक ओळ. तारीख, पान, पानाच्या घडीच्या वर की खाली, किती कॉलम गुणिले किती सेंटिमीटर. मोठ्या आकाराचे पान आठ कॉलमचे आणि सुमारे ५० सेंटिमीटर उंचीचे धरले तर पूर्ण पान ४०० कॉलम-सेंटिमीटर होते. फोटोची जागा वेगळ्या रकान्यात. ती मजकुरात मिसळली तर मगर सगळ्यांना गिळते. ई-पेपरवर पट्टी लावता येत नाही, तिथे पानाच्या टक्क्यांत लिहा. पुढचे रकाने महत्त्वाचे: साचा प्रसंगाचा की कारणाचा, बोलणारे कोण (अधिकारी, पक्षाचा माणूस, रहिवासी, अभियंता), आणि जबाबदार कोण. या शेवटच्या रकान्यात ‘तंत्र’ (गुजरातीत प्रशासनाला म्हणतात) ही वेगळी नोंद ठेवा. ‘तंत्र झोपेत’ अशा धाटणीच्या मथळ्यात आयुक्त, स्थायी समिती, पाटबंधारे, वन खाते, सगळे एकत्र लपतात. पदाचे नाव घेतलेली बातमी आणि ‘तंत्र’वाली बातमी यांचे प्रमाण काढा. माझ्या मते सगळ्या शीटमध्ये हाच आकडा सर्वांत बोलका.

गडबड होते ती साच्याच्या रकान्यात. एकाच बातमीत वर मगर आणि खाली शेवटच्या परिच्छेदात अतिक्रमण असते; एक जण ‘प्रसंग’ लिहितो, दुसरा ‘कारण’. म्हणून आधी २० कात्रणे दोघांनी वेगवेगळी भरायची. १६ पेक्षा कमी जुळली तर व्याख्या पक्की करून पुन्हा. साधा नियम असा ठेवता येतो: मथळा आणि पहिला परिच्छेद कशाबद्दल आहे तो साचा. बहुतेक वाचक तिथेच थांबतात. दुसरी अडचण वेबसाइटची. तिथला मथळा दिवसात दोन-तीनदा बदलतो, त्यामुळे स्क्रीनशॉट वेळेसकट ठेवा. तिसरी, व्हिडिओ. २०१९ च्या पुरातल्या मगरी दर पावसाळ्यात नव्याने पोहायला लागतात. तारीख आणि ठिकाण सिद्ध होत नसेल तर नोंद करायची, पण मोजणीत धरायची नाही.

चित्र खरे असले तरी ओळ आधीच लिहिलेली असते, हे बडोद्याला कुणी वेगळे सांगायला नको. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीराव महाराजांनी पंचम जॉर्जला नीट मुजरा केला नाही, पाठ फिरवून निघाले, असा ब्रिटिश पत्रांनी गदारोळ केला. त्या समारंभाचे चित्रीकरण झाले होते, ते विलायतेत पडद्यावर दाखवले गेले. बघायला येणारा प्रेक्षक पेपर वाचून आलेला, तेव्हा त्याला पडद्यावर काय दिसायचे ते आधीच ठरलेले. व्हाइसरॉय हार्डिंगला लिहिलेले महाराजांचे दिलगिरीचे पत्रही छापले गेले. आजही कुणी त्यात उद्दामपणा पाहतो, कुणी बाणेदारपणा. चित्र तेच आहे.

आता बातमी बदलायची असेल तर. मंडळांना आणि सोसायट्यांना निवेदन देऊन फोटो काढायची सवय आहे. तो फोटो छापून येतो आणि संपतो. त्याऐवजी कागद द्या. माहिती अधिकाराचा अर्ज गुजरातमध्ये २० रुपयांत होतो, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘पूर का आला’ असे विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आजव्याची तासावार पातळी आणि सोडलेल्या पाण्याची नोंदवही द्या, असे मागा. अमुक नगररचना योजनेत कांसाची मंजूर रुंदी आणि आजची मोजलेली रुंदी मागा. एका अर्जात एकच विषय ठेवा, नाहीतर अर्ज तीन खात्यांत फिरत बसतो. उत्तर आले की १५० शब्दांची टीप, मूळ कागदाची स्कॅन प्रत आणि जागेचा तारखेसह फोटो, हे दुपारी चारच्या आत शहराच्या बातमीदाराकडे पोचवा. संध्याकाळी सातनंतर पान लागायला घेतात, तेव्हा आलेला मजकूर उद्यावर जातो आणि उद्याचा बहुधा कधीच येत नाही.

वेळ निवडा जानेवारीचा शेवट. आयुक्त तेव्हा अर्थसंकल्पाचा मसुदा स्थायी समितीपुढे ठेवतात आणि फेब्रुवारीत तो सभेत मंजूर होतो. १९ वॉर्ड आणि ७६ नगरसेवक त्या पंधरवड्यात आपापल्या रस्त्या-गटारांसाठी झगडत असतात. नदी कुणाच्याच एका वॉर्डात मावत नाही, म्हणून तिच्यासाठी कुणी भांडत नाही. त्या दिवसांत कांसाच्या रुंदीचा आकडा दोन दैनिकांत लागोपाठ आला, तर निदान एका नगरसेवकाला सभेत उभे राहून काहीतरी बोलावे लागते, आणि ते इतिवृत्तात नोंदले जाते. पुढच्या ऑगस्टमध्ये त्या पानाची प्रत पुन्हा २० रुपयांच्या अर्जाने मिळते.