दीड हजार रुपये कुठे अडले? अप्रेंटिस भरतीचा माझा अनुभव

भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी एचआर सांभाळते. ठेकेदाराची माणसं धरून आम्ही ६४ जण. शाफ्ट, बुश, पिना असं मशिनिंगचं काम. मुलगा आमच्याकडे सहा-आठ महिने शिकतो, स्वतः ऑफसेट (मशीनमधली मापाची दुरुस्ती) द्यायला लागतो आणि चाकणला दोन हजार जास्त मिळाले की जातो. त्याला दोष देता येत नाही. पण आमची जाहिरात वर्षानुवर्षं तीच: 'डिप्लोमा, तीन वर्षांचा अनुभव'. असा माणूस आमच्या पगारात येणार कुठून?

हल्ली एचआरवाले भेटले की 'डिग्री नको, स्किल बघा' हेच बोलतात. मला ते आधीपासून पटलेलं होतं, कारण आमचा सगळ्यात चांगला सेटर, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणारा माणूस, दहावी नापास आहे. म्हणून आधी स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कोणाला कोणतं मशीन किती येतं याचा फलक, हातात घेतली. फलकावर प्रत्येक माणसापुढे प्रत्येक मशीनसाठी चार भागांचं वर्तुळ असतं. पाव भरलं म्हणजे काम बघितलंय, अर्धं म्हणजे कोणी सोबत असेल तर जमतं, पाऊण म्हणजे एकटा करतो, पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. आमच्याकडे तो फलक ऑडिटच्या आदल्या दिवशी भरला जायचा. मी तीन आठवडे तिन्ही शिफ्टमध्ये मशीनजवळ उभी राहून तो नव्याने भरला. दोन हेल्पर एकट्याने व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) चालवत होते आणि त्याची कुठेही नोंद नव्हती! दोघांना ऑपरेटर केलं, पगार वाढवला. उरलेल्या जागांसाठी आयटीआयची मुलं अप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) म्हणून घ्यायची आणि घरचीच माणसं तयार करायची असं ठरलं.

कायद्याचं थोडक्यात सांगते. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे आणि २०१९ च्या नियमबदलापासून ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. संख्येत कंत्राटी माणसंही मोजतात, हे अनेक छोट्या कारखानदारांच्या लक्षात नसतं. आम्ही सहा मुलं घेतली, टर्नर आणि मशिनिस्ट. नोंदणी, करार, मंजुरी हे सगळं महिन्याभरात झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

अडलो ते पुढे. सरकार राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा उचलतं, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये. पूर्वी कंपनी सगळे पैसे द्यायची आणि मग परतावा मागायची. २०२३ पासून सरकारचा वाटा थेट मुलाच्या खात्यात जातो. आम्ही एकूण ९,५०० ठरवले होते, म्हणजे आमचे ८,००० आणि सरकारचे १,५००. मुलांना हा हिशेब पहिल्याच दिवशी सांगितला होता.

पहिल्या महिन्यानंतर तिघांचे दीड हजार आलेच नाहीत. त्यातला एक जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, माझेच पैसे का कापले?" मला फार लागलं ते. भोसरीत कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाची दीड हजारांत अर्ध्या महिन्याची मेस भागते. आणि त्याच्या लेखी ते पैसे कापणारी कंपनीच होती. सरकारच्या अप्रेंटिस पोर्टलवर पाहिलं तर पेमेंट फेल.

मुलगा बँकेत गेला. काउंटरवरून उत्तर मिळालं, "आधार लिंक आहे, काही प्रॉब्लेम नाही." पुढच्या महिन्यात पुन्हा फेल. तो पुन्हा गेला, फॉर्म भरून दिला. "आठ दिवसांत होईल." झालं नाही. तिसऱ्या वेळी तो फॉर्मच सापडेना, नवीन भरायला सांगितलं. फर्स्ट शिफ्ट तीनला सुटते, कपडे बदलून बँकेत पोचेपर्यंत काउंटर आवरायला आलेलं. म्हणजे प्रत्येक खेपेला अर्धा दिवस रजा.

चौथ्या वेळी मी सोबत गेले. अडीच तास बसलो. शेवटी मागच्या टेबलावरच्या एका ताईंनी नीट बघितलं. खात्याला आधार जोडलेलं होतं, पण ते केवायसीपुरतं. सरकारी पैसे आधार क्रमांकावरून येतात, आणि तो क्रमांक कोणत्या बँकेकडे वळवायचा याची नोंद एनपीसीआयकडे (बँकांमधले व्यवहार सांभाळणारी संस्था) वेगळी असते. तिलाच सीडिंग म्हणतात. एका आधारला एका वेळी एकच बँक. या मुलाची नोंद गावाकडच्या बँकेची निघाली, शाळेत असताना स्कॉलरशिपसाठी काढलेल्या खात्याची. ते खातं कित्येक वर्षं वापरात नसल्यामुळे बंद पडलेलं. पैसे तिकडे जात होते आणि परत फिरत होते. फॉर्मवर 'दुसऱ्या बँकेतून इकडे बदलून घ्यायचे आहे' असा भाग असतो आणि त्यात जुन्या बँकेचं नाव लिहायचं असतं. तो भाग आधीच्या दोन्ही वेळी कोणी भरूनच घेतला नव्हता. दोन मिनिटांचं काम होतं, आणि त्यासाठी एका पोराच्या चार खेपा आणि तीन महिने गेले. अजूनही आठवलं की राग येतो.

तुमच्याकडे असं झालं तर आधी बँकेत धावू नका. यूआयडीएआयच्या (आधार देणारी संस्था) 'माय आधार' संकेतस्थळावर मुलाच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला की बँक सीडिंग स्टेटस दिसतो: कोणती बँक, चालू की बंद. त्याची प्रिंट काढून मगच काउंटरवर जा. बाकीच्या दोघांची मी आधी प्रिंट काढली आणि पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत नवीन खाती उघडून सीडिंगही तिथेच करून घेतलं. त्यांचे पैसे पुढच्याच महिन्यात आले.

हे आधी सांगायला हवं होतं: मुलाचा मोबाइल नंबर आधारला जोडलेला आहे का, ते रुजू होण्याआधीच बघा. अनेकांचा नंबर वडिलांचा किंवा बंद पडलेल्या सिमचा असतो, मग ओटीपी येणार कसा? नावंही जुळवा. एकाच्या आधारवर वडिलांच्या नावापुढे 'राव' होतं, आयटीआयच्या प्रमाणपत्रावर नव्हतं. त्याची दुरुस्ती आम्ही करारापूर्वीच करून घेतली म्हणून वाचलो.

मालकांकडे मी एकच मागणी केली. सरकारचा वाटा येईपर्यंत दीड हजार कंपनीने उचल म्हणून द्यायचे, आले की मुलाने परत करायचे. ते आधी नाही म्हणाले, "सरकारचं आपण का भरायचं?" मी त्यांच्यापुढे गेल्या वर्षी सोडून गेलेल्या अकरा ऑपरेटरांची यादी ठेवली आणि प्रत्येकाच्या शिकण्याच्या काळातल्या रिजेक्शनचा, म्हणजे बाद झालेल्या मालाचा, खर्च समोर लिहिला. त्याच संध्याकाळी व्हाउचरवर सही झाली. सहापैकी एकही मुलगा अजून सोडून गेलेला नाही, आणि याचा मला मनापासून अभिमान आहे.

आता नवीन अप्रेंटिस आला की पहिल्या दिवशी सेफ्टी शूज आणि ओळखपत्राबरोबर त्याच्या फाइलला सीडिंगची प्रिंट लागते. 'पैसे का कापले' विचारणारा तो मुलगा आता सीएनसीवर (संगणकावर चालणारं मशीन) फर्स्ट पीस, म्हणजे पहिला नग, स्वतः मोजून घेतो आणि फलकावर त्याचं वर्तुळ पाऊण भरलंय. त्याचे अडकलेल्या तीन महिन्यांपैकी दोन महिन्यांचे पैसे आले. तिसऱ्याची तक्रार नोंदवली आहे, नंबर माझ्या वहीत आहे. सोमवारी पुन्हा बघते.