चढला की चढवला?

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत आठवणी पुष्कळ येतील. मी शाळेने दिलेल्या एका पद्धतीबद्दल लिहितो, कारण आज दहावीच्या मुलांना मीही तीच शिकवतो. वर-खाली जाण्याची इंग्रजी क्रियापदं आधी मराठीत पारखून घ्यायची, ही सवय आमच्या इंग्रजीच्या बाईंनी लावली. तिच्याइतकी उपयोगी दुसरी रीत मला माहीत नाही.

बाईंचा प्रश्न ठरलेला असे: चढला की चढवला? धूर, सूर्य, भाव, नदीचं पाणी हे सगळं आपलं आपण वर जातं, म्हणून तिथे 'राइझ'. रूपं राइझ, रोझ, रिझन. झेंडा किंवा हात कोणीतरी वर करतं, म्हणून तिथे 'रेझ'. रूपं रेझ, रेझ्ड, रेझ्ड. 'रेझ'ला कर्म लागतंच. 'प्राइसेस रेझ्ड' हे वाक्य चुकतं ते इथेच: भाव वाढवले, पण कोणी? 'प्राइसेस रोझ' किंवा 'द शॉपकीपर रेझ्ड प्राइसेस', दोन्ही बरोबर.

मराठी मुलाला हे कठीण वाटायचं कारण नाही. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तरणे-तारणे या जोड्या त्याच्या तोंडात बसलेल्याच असतात. आतला स्वर बदलला की होण्याचं करणं होतं. जुन्या इंग्रजीतही अशी सोय होती. आज राइझ-रेझ, सिट-सेट, लाय-ले, फॉल-फेल अशा मोजक्या जोड्या उरल्यात. त्यातली शेवटची सगळ्यात फसवी. 'फॉल'चा भूतकाळ 'फेल' (नापास होण्याचा 'फेल' वेगळा, त्याचा उच्चार लांब), आणि झाड पाडणे यासाठीचं मूळ क्रियापदही 'फेल'च. त्याचा भूतकाळ 'फेल्ड'. 'द ट्री फेल' म्हणजे झाड पडलं, 'दे फेल्ड द ट्री' म्हणजे त्यांनी ते पाडलं. उतारा वाचताना पुढे कर्म आहे का ते बघावं, लगेच उलगडा होतो.

गाड्यांच्या बाबतीत मराठीची मदत संपते. आपण बसमधून, रिक्षातून, घोड्यावरून सारखेच उतरतो. इंग्रजीत ज्या वाहनात उभं राहून चालता येतं किंवा ज्यावर टांग टाकून बसतात, त्याला 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ': बस, आगगाडी, विमान, सायकल, घोडा. वाकून आत शिरावं लागतं तिथे 'गेट इन' आणि 'गेट आउट': मोटार, टॅक्सी, रिक्षा. बससाठी 'गेट डाउन' आपल्याकडे सर्रास चालतं. इंग्लंडमध्ये ते शिडीवरून किंवा झाडावरून उतरण्यासाठी वापरतात. 'क्लाइंब डाउन' मात्र बिनधास्त लिहावं. 'क्लाइंब'मध्ये हातपाय वापरून सरकणं महत्त्वाचं, दिशा नंतरची. आपलं 'चढणे' वरच जातं, म्हणून मुलं इथे उगाच बिचकतात.

रेल्वेच्या अप-डाउनचा तर उंचीशी संबंधच नाही. मध्य रेल्वेवर मुंबईकडे जाणारी गाडी अप, मुंबईहून निघालेली डाउन. त्यामुळे कर्जतला मागून जादा इंजिनं लावून 37 फुटांना एक फूट असा बोर घाटाचा चढ चढते ती डाउन गाडी, आणि पुण्याहून घाट उतरते ती अप!

आलेखाचं वर्णन करताना क्रियापदाचं वजन पाहावं. 'डिप' म्हणजे थोडं खाली जाऊन सावरणं. 'स्लिप' म्हणजे किंचित घसरणं. 'स्लम्प' म्हणजे एकदम ढासळून तिथेच पडून राहणं. 'प्लमेट' हे मुळात गवंड्याच्या ओळंब्याचं नाव, शिशाचं वजन. म्हणून त्यात सरळ, वेगाने कोसळणं आहे. 'प्लमेटेड स्लाइटली' लिहिणं म्हणजे किंचित कोसळला म्हणण्यासारखं. वरच्या बाजूला 'एज अप', 'क्लाइंब', 'सर्ज', 'सोअर' असा जोर वाढत जातो.

यापेक्षा जास्त गुण जातात ते छोट्या शब्दांवर. कांदा 20 रुपयांवरून 30 वर गेला तर 'फ्रॉम ट्वेंटी टु थर्टी', पण 'बाय टेन'. 'टु'ने कुठे पोचला ते कळतं, 'बाय'ने किती सरकला ते. नाम वापरलं तर 'अ राइझ ऑफ टेन रुपीज इन द प्राइस': मापाला 'ऑफ', वस्तूला 'इन'. टक्क्यांत ही वाढ 50, पण तोच कांदा 30 वरून 20 वर आला तर घट सुमारे 33 टक्के, कारण भागायचा आकडा बदलला.

शाळेचा निकाल 80 टक्क्यांवरून 84 वर गेला तर 'बाय फोर परसेंटेज पॉइंट्स' किंवा 'बाय फाइव्ह परसेंट' लिहावं. 'बाय फोर परसेंट' लिहिलं तर निकाल 83.2 टक्के लागला, असा त्याचा अर्थ होतो.