आमची वाटचाल : वहीतल्या खुणांपासून टर्मिनलपर्यंत

सांगलीतील आमच्या तीन माणसांच्या फर्मने सुरुवातीला हळदीच्या अडत्यांना आणि काही पतसंस्थांना संगणक पुरवण्याचे व दुरुस्तीचे काम केले. सर्व्हर सांभाळण्याचे काम पुढे ग्राहकांच्याच आग्रहाने आमच्याकडे आले. २०१४ पर्यंत डेबियन या लिनक्स कार्यप्रणालीवर चालणारे असे ३१ सर्व्हर आमच्या देखरेखीखाली होते. दर शनिवारी एकेका सर्व्हरवर लॉगिन करायचे, अपडेट चालवायचे आणि लांबट वहीत बरोबरची खूण करायची, अशी आमची पद्धत होती.

८ एप्रिल २०१४ रोजी रामनवमी होती. आदल्या रात्री ओपनएसएसएल या, इंटरनेटवरची देवाणघेवाण सांकेतिक करणाऱ्या सॉफ्टवेअरमधील ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी (तिच्यातून सर्व्हरच्या मेमरीतील गुप्त माहिती बाहेरच्याला वाचता येई) जाहीर झाली होती आणि डेबियनने दुरुस्त केलेले पॅकेजही (बसवायला तयार सॉफ्टवेअरचा संच) लगेच उपलब्ध करून दिले होते. परंतु कोणत्या सर्व्हरवर डेबियन ७ आहे आणि कोणत्यावर ही त्रुटी नसलेले जुने डेबियन ६ आहे, हेच आमच्या वहीवरून कळेना. दुपारपर्यंत आम्ही सगळीकडे अपडेट चालवले. संध्याकाळी माझ्या भागीदाराने एका पतसंस्थेचा सर्व्हर सहज तपासून पाहिला, तर त्याच्यावर ती त्रुटी अजूनही उघडीच होती. डिस्कवरची ओपनएसएसएलची लायब्ररी (इतर प्रोग्राम वापरतात ती फाईल) बदलली होती, पण कित्येक आठवडे अखंड चालू असलेला वेबसर्व्हर जुनीच प्रत मेमरीत धरून बसला होता. कोणता प्रोग्राम कोणत्या फाईली वापरतो आहे ते दाखवणाऱ्या ‘एलएसओएफ’ कमांडच्या उत्तरात लिबएसएसएल या त्याच लायब्ररीच्या ओळीत ‘डीईएल’ (फाईल पुसली गेल्याची खूण) दिसले, तेव्हा वेबसर्व्हर रीस्टार्ट करायचा राहिल्याचे आमच्या ध्यानात आले. (डेबियन दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत बसवत असल्यामुळे दुरुस्तीनंतरही ओपनएसएसएलच्या आवृत्तीचा आकडा १.०.१ई असाच राहतो, हे एका ग्राहकाला पटवण्यात दुसरा अख्खा दिवस गेला, ते वेगळेच.)

त्यानंतरच्या महिन्यात आम्ही ‘ॲप्ट-डेटर’ हे टर्मिनलवर (कमांड टाइप करण्याच्या पडद्यावर) चालणारे, अनेक सर्व्हरची अपडेट एका जागेवरून पाहण्याचे साधन बसवले. प्रत्येक सर्व्हरवर त्याचे छोटे सहायक पॅकेज, एसएसएचसाठी (दुरून सुरक्षित लॉगिन करण्याची सोय) वेगळे खाते आणि त्या खात्याला सुडोमार्फत (ठरावीक कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवू देणारी सोय) केवळ पॅकेजच्या कमांड चालवण्याची मुभा, एवढी तयारी पुरली. अर्थात पॅकेज बसवण्याची मुभा म्हणजे जवळजवळ सगळीच मुभा, हे ओळखून त्या खात्याच्या किल्लीला (लॉगिनसाठीच्या गुप्त फाईलला) आम्ही भक्कम पासफ्रेज, म्हणजे लांबलचक पासवर्ड, लावला. सर्व्हरची यादी ग्राहकवार गट करून एका फाईलमध्ये लिहिली. ‘जी’ दाबले की निवडलेल्या सर्व्हरची स्थिती नव्याने मागवली जाते, ‘यू’ दाबले की अपडेट सुरू होते, आणि ज्यांचे अपडेट बाकी आहे ते सर्व्हर पडद्यावर वेगळ्या गटात दिसतात. हे साधन मुद्दामच कार्यालयातील संगणकावर न ठेवता भाड्याच्या एका सर्व्हरवर ठेवले, कारण अपडेट ज्या ‘स्क्रीन’ सत्रात (जोडणी तुटली तरी चालू राहणाऱ्या टर्मिनल सत्रात) चालते ते तिथेच चालू राहते आणि आमच्याकडची वीज गेली तरी काम अर्धवट तुटत नाही.

पहिल्या काही आठवड्यांत आम्ही खूश होतो. मात्र एका अडत्याच्या गोदामातील सर्व्हर कायम अद्ययावत गटातच दिसत होता आणि त्याच आवृत्तीच्या शेजारच्या सर्व्हरवर दहा-बारा पॅकेजे बाकी असतानाही त्याच्यावर एकही बाकी नव्हते, ही गोष्ट आमच्या सर्वांत नवख्या सहकाऱ्याने हेरली. उघडून पाहिले, तर पॅकेजच्या स्रोतांच्या फाईलमध्ये सुरक्षा भांडाराची (डेबियन सुरक्षेच्या दुरुस्त्या जिथे ठेवते त्या जागेची) ओळच नव्हती. सर्व्हर बसवताना ती राहून गेली होती आणि चूक आमचीच होती. विचारणाच होत नसल्यामुळे उत्तर नेहमी ‘काही बाकी नाही’ असे येत होते, आणि वहीत त्याच सर्व्हरपुढे ओळीने सतरा शनिवारच्या खुणा होत्या.

त्या आठवड्यात ३१ सर्व्हरच्या स्रोतांच्या फाईली एकमेकींशी ताडून पाहिल्या, तेव्हा आणखी दोन तशाच निघाल्या. तिन्ही ग्राहकांना आम्ही ते लेखी कळवले. एकाने करार मोडला, दोघे आजही आमच्याकडे आहेत. वही अजून वापरात आहे, पण आता तिच्यात फक्त रीस्टार्टसाठी ग्राहकाशी ठरलेली वेळ आणि ती देणाऱ्याची सही असते.