अंडं वाचवायचं तर मिलिमीटर मोजा

उंचावरून अंडं टाकायचं आणि ते फुटू द्यायचं नाही, हा प्रकल्प दिला की मुलं सगळ्यात आधी कापूस आणतात. डब्यात अंगठ्याने दाबून दाबून भरलेला. मी डबा हातात घेते आणि विचारते, "यात अंड्याला थांबायला जागा किती आहे?"

सगळं भौतिकशास्त्र त्या जागेत आहे. ६० ग्रॅमचं अंडं ४ मीटरवरून सोडलं, तर जमिनीपाशी त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ ९ मीटर होतो आणि त्याच्याकडे साधारण २.४ ज्यूल ऊर्जा असते. ही ऊर्जा कुठेतरी जिरायलाच हवी. तिला थांबण्याच्या अंतराने भागलं की सरासरी बल मिळतं. १ मिलिमीटरात थांबवायचं तर २४०० न्यूटन लागतील. ८ सेंटिमीटरमध्ये थांबवलं तर फक्त ३० न्यूटन. अंडं तेच, उंची तीच, संवेगातला (वस्तुमान गुणिले वेग) बदलही तोच. पुस्तकात 'थांबायला लागणारा वेळ वाढवा' असं लिहिलेलं असतं, आणि ते बरोबरच आहे. पण तो वेळ मुलांना दिसत नाही. अंतर पट्टीने मोजता येतं, म्हणून मी अंतरच शिकवते.

आता त्या कापसाकडे या. ठासून भरलेला कापूस आधीच दबलेला असतो; अंड्याला खाली सरकायला त्यात फार तर चार-पाच मिलिमीटर उरतात. तोच कापूस सैल ठेवला तर कितीतरी चांगलं काम करतो. मात्र अंडं डब्यात मोकळं हलता कामा नये. डबा थांबतो, अंडं त्याच वेगाने पुढे जातं आणि डब्याच्या भिंतीवर आदळतं. गाडीत सीटबेल्ट न लावलेल्या माणसाचं नेमकं हेच होतं. अंडं घट्ट धरलेलं हवं आणि त्याच्याभोवतीचं सगळं चुरगळणारं हवं, या दोन गोष्टी एकत्र साधणं हाच खरा प्रकल्प आहे.

चुरगळणारं हवं, उसळणारं नको. यावर माझा वर्गात दरवर्षी वाद होतो, कारण रबरबँडमध्ये लटकवलेलं अंडं फार देखणं दिसतं. पण रबर ऊर्जा साठवतं आणि परत देतं. अंडं वर उसळतं, म्हणजे संवेगातला बदल वाढतो, आणि मग ते दुसऱ्यांदा पडतं, कोणत्या बाजूवर ते सांगता येत नाही. शिवाय रबर जितकं ताणावं तितकं जास्त ओढतं, त्यामुळे कमाल बल सरासरीच्या दुपटीच्या आसपास जातं. वाकून मोडणारे स्ट्रॉ किंवा दबून चपटा होणारा कागदी पुठ्ठा ऊर्जा गिळून टाकतो आणि परत काही देत नाही. मोटारीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळेल असा बनवतात तो याचसाठी. बेला बारेनी या अभियंत्याला या कल्पनेचं पेटंट १९५२ मध्ये मिळालं होतं.

अंडं ठेवायचं कसं, हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. उभं ठेवलं तर मजबूत, असं आपण सगळेच शिकलो. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी हे तपासलं आणि निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. हळूहळू दाबल्यावर उभं आणि आडवं, दोन्ही अंडी साधारण ४५ न्यूटनला तडकली. पण अवघ्या ८ मिलिमीटरवरून टाकल्यावर उभ्यांपैकी निम्म्याहून जास्त तडकली, आडव्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी. आडवं अंडं तडकण्याआधी थोडं जास्त दबतं. बल तेवढंच, पण दबण्याचं अंतर जास्त, म्हणून ऊर्जाही जास्त पचते. कवचाच्या आतसुद्धा तोच हिशेब चालतो!

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते: अंडं आडवं ठेवा, त्याच्याखाली किमान पाच-सहा सेंटिमीटर चुरगळणारे स्ट्रॉ द्या आणि डब्याला वर कागदी शेपटी लावा, म्हणजे तो हवेत गिरक्या न घेता त्याच बाजूवर पडेल. पॅराशूट जमलं तर उत्तमच; वेग निम्मा झाला की ऊर्जा चौथाई होते आणि स्ट्रॉही तेवढे कमी लागतात.