केवडा कोणी जगवला?

‘नोकरी आणि संसार सांभाळून पीएचडी कशी काय पूर्ण केलीत?’ हा प्रश्न मला विद्यार्थिनी विचारतात, नातेवाईक विचारतात आणि महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापिका तर हमखास विचारतात. बहुतेकींना माझे वेळापत्रक हवे असते. माझे उत्तर मात्र वेळापत्रकात नसून माझ्या विषयात आहे, म्हणून आधी त्याविषयी सांगते.

मी द्राक्षावरील केवडा, म्हणजे डाऊनी मिल्ड्यू, या रोगावर काम केले. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग आणि खालच्या बाजूला पांढरी वाढ ही त्याची खूण निफाड-दिंडोरीकडच्या कोणत्याही बागायतदाराला ठाऊक असते. हा रोग ज्या प्लाझ्मोपारा व्हिटिकोला या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होतो, तो काटेकोरपणे पाहता खरी बुरशीही नव्हे, आणि प्रयोगशाळेतील कृत्रिम माध्यमावर तो वाढत नाही. त्याला जिवंत पानच लागते. त्यामुळे काचेच्या बशीत ओल्या टिपकागदावर कोवळे पान पालथे ठेवायचे, त्यावर बीजाणू मिसळलेल्या पाण्याचे थेंब सोडायचे आणि आठवडाभरात पांढरी वाढ दिसू लागली की तिथून ती पुढच्या ताज्या पानावर घ्यायची, हे चक्र वर्षभर न थांबता चालवावे लागते. घरातले विरजण एका दह्यातून दुसऱ्या दह्यात जपावे, तसाच हा प्रकार. एक फेरी चुकली की नमुना मरतो, आणि बागेतून नवा आणला तरी तो पहिल्यासारखाच असेल याची खात्री नसते.

मी दिवसभर शिकवणारी, अर्धवेळ संशोधक. माझ्या घरी आजारपण आले तेव्हा, परीक्षांच्या काळात आणि दिवाळीच्या सुट्टीतही, संशोधन केंद्रातील माझ्या सहाध्यायांनी ही पाने बदलली. त्यांचे विषय निराळे होते. एकीचे काम शैवालावर, दुसऱ्याचे औषधी वनस्पतींवर. तरीही उन्हाळ्यात वीज गेली की बशा थंड खोलीत हलवण्यासाठी त्यांच्यापैकी कोणीतरी धावत असे. फवारणी न झालेली पाने नाशिकसारख्या द्राक्षाच्या मुलुखात मिळणे किती अवघड, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. शेवटी गंगापूर रोडला राहणाऱ्या एका सहकारी मॅडमनी आपल्या गच्चीवर थॉम्पसन या द्राक्षजातीच्या कलमांच्या कुंड्या ठेवल्या आणि त्यांवर कसलाही फवारा पडू दिला नाही. ज्या रोगाच्या बंदोबस्तासाठी सारा जिल्हा पैसा ओततो, तो जगवण्यासाठी त्यांनी आपली गच्ची दिली, याचे त्यांच्या शेजाऱ्यांना फार हसू येई.

अडचणीचा खरा काळ ऑक्टोबरचा. आपल्याकडे एप्रिलच्या सुमारास खरडछाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते; फळछाटणीनंतर फुटलेल्या कोवळ्या पालवीवर परतीचा पाऊस पडला की केवडा झपाट्याने पसरतो, आणि बागेतले नमुने नेमके तेव्हाच गोळा करावे लागतात. महाविद्यालयात त्याच सुमारास सत्र परीक्षा सुरू होतात. विभागातील सहकाऱ्यांनी माझी पर्यवेक्षणे आपल्याकडे घेतली आणि प्रात्यक्षिकांच्या तुकड्या आपसांत वाटून घेतल्या. त्याची परतफेड मी उन्हाळ्यात उत्तरपत्रिका तपासून करायची, असा अलिखित करार होता, आणि तो मला कोरड्या सहानुभूतीपेक्षा अधिक मोलाचा वाटे.

संख्याशास्त्राच्या एका सरांचे ऋण वेगळ्या जातीचे आहे. प्रयोगाचा आराखडा कागदावर असतानाच त्यांनी बजावले, की एकाच पानातून कापलेल्या दहा चकत्या म्हणजे दहा स्वतंत्र नोंदी नव्हेत. पाने वेगवेगळ्या वेलींवरची घ्या. त्यामुळे काम कितीतरी वाढले, आणि तेव्हा मला त्यांचा थोडा रागही आला होता. मौखिक परीक्षेत परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला तो नेमका हाच.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी या सर्वांची नावे घातली आहेत. ‘प्रोत्साहन दिल्याबद्दल आभारी आहे’ हे वाक्य मात्र मी त्यांच्यासाठी मुद्दाम टाळले, कारण प्रोत्साहन देणारे पुष्कळ भेटतात. या माणसांनी माझे काम आपल्या हातांनी केले आहे.

तरीही एक गोष्ट मला खटकते. नोकरी करणाऱ्या संशोधकाला ऐन हंगामात बागेत जाता यावे, ही सोय वेळापत्रकातच असायला हवी. ती सहकाऱ्यांच्या चांगुलपणावर सोडली, तर असे सहकारी ज्यांना लाभत नाहीत त्यांचे काम अर्ध्यावर राहते, आणि अशा हुशार मुली मी पाहिल्या आहेत. म्हणून नोंदणी करू पाहणाऱ्या प्राध्यापिकांना मी सांगते, की मार्गदर्शकांना भेटून झाले की त्याच दिवशी केंद्रातील इतर विद्यार्थ्यांनाही भेटा, सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे असते ते विचारा, आणि तुमच्या हंगामात तुमचे तास कोण घेणार, हे विभागप्रमुखांशी आधीच बोलून घ्या.