शाळेतला काउन्सेलर नेमकं करतो काय?

न्यू जर्सीत मुलगी नववीत गेली आणि शाळेच्या काउन्सेलरची ओळखीची ईमेल आली. पुण्याला आईला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "का गं, काही झालंय का तिला?" आपल्याकडे समुपदेशक म्हटलं की पोर बिघडलंय किंवा खचलंय, हेच आधी मनात येतं. इथे काउन्सेलर प्रत्येकालाच असतो. बऱ्याच हायस्कुलांत आडनावाच्या आद्याक्षरावरून तो ठरतो आणि शक्यतो नववी ते बारावी अशी चारही वर्षं तोच राहतो.

रोजचं काम तसं कागदोपत्री. हायस्कूल पूर्ण करायला या राज्यात किमान 120 क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर खात्यात जमा होणारे अंक, लागतात. कुठल्या वर्षी कुठलं गणित, कुठलं विज्ञान घ्यायचं हे मूल त्याच्यासमोर बसून ठरवतं. बारावीत कॉलेजांना शाळेचा अहवाल आणि शिफारसपत्र जातं, तेही त्याच्याच हातून.

पण मला या लोकांबद्दल आदर वाटतो तो वेगळ्याच कामासाठी. लेकीच्या मैत्रिणीचे वडील अचानक गेले. ती शाळेत परतली त्या सकाळी काउन्सेलर बाई दाराशी उभ्या होत्या. शिक्षकांना आधीच कळवलेलं, चाचण्या पुढे ढकललेल्या. त्यांनी तिच्या हातात एक छोटं कार्ड दिलं: वर्गात रडू आलं तर हे बाकावर ठेवायचं आणि सरळ माझ्याकडे यायचं, कुणाला काही सांगत बसायचं नाही.

मूल जे बोलतं ते सहसा आईबापांपर्यंत येत नाही. जिवाला धोका असेल तर मात्र गप्प राहता येत नाही, आणि घरात मारहाण होत असल्याचा संशय आला तर कायद्यानं कळवावंच लागतं. आपल्यातल्या काहींना हे खुपतं, "घरातलं घरात राहावं" म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. मार खाणाऱ्या पोरानं मग जायचं कुणाकडे?

अडचण आहे ती संख्येची. काउन्सेलरांची राष्ट्रीय संघटना एका काउन्सेलरमागे 250 विद्यार्थी असावेत म्हणते. 2022-23 मध्ये देशाची सरासरी 385 होती. त्यामुळे गवगवा न करणारी, शांत मुलं मागे राहतात.

मुलांना घेऊन इकडे येणार असाल तर शाळा सुरू व्हायच्या आधीच काउन्सेलरची वेळ मागून घ्या. तिकडच्या गुणपत्रिका आणि प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम सोबत ठेवा, कारण आठवी-नववीचं गणित इथे कुठे धरायचं हे बहुधा त्याच भेटीत ठरतं.