आंघोळीच्या मिठासाठी मीठ कोणतं घ्यायचं?

घरी बाथ सॉल्ट करायचं म्हटलं की सगळे आधी सुगंधी तेलं शोधतात. बरणीत मात्र जवळपास सगळं मीठच असतं, आणि बिघडतं तेही बहुधा मिठामुळेच.

आपल्याकडे त्यासाठी मिठागरातल्या खडे मिठासारखं दुसरं नाही. उरण-पेणचं असो की शिरोड्याचं, ते जरा मातकट दिसतं. तो रंग आगरातल्या मातीचा. मूठभर मीठ ग्लासभर कोमट पाण्यात विरघळवून दहा मिनिटं ठेवा. तळाशी पुसटसा गाळ चालेल. बोटांना वाळू लागली तर दुसरं मीठ बघा.

मग ओल तपासा. मुठीत दाबून सोडल्यावर मीठ तळव्याला चिकटलं, तर त्यात मॅग्नेशियम क्लोराइड जास्त आहे. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या पुढे गेली की साधं मीठ पाणी ओढू लागतं. मॅग्नेशियम क्लोराइड मात्र साधारण 33 टक्क्यांपासूनच ओढतं. म्हणून आगरातून नुकतंच काढलेलं मीठ नको, राशीत पडून चांगलं निथळलेलं घ्या. महागडं मृत समुद्राचं मीठ मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात टिकत नाही, तेही याच कारणानं. ते घ्यायचंच असेल तर एका वेळेपुरतं पाकीट घ्या.

रोजच्या बारीक मिठातल्या आयोडीननं काही बिघडत नाही, पण तेल पडलं की त्याचा लगदा होतो. शेंदेलोण समुद्राचं नसून खाणीतलं, तरी चालतं. पादेलोण नको, त्याला गंधकाचा वास असतो. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, ती वेगळीच वस्तू.

अर्धा किलो खडे मीठ खलबत्त्यात साबुदाण्याएवढं कुटा. मोठे खडे वेळेत विरघळत नाहीत आणि पायाला टोचतात. मग जाड बुडाच्या स्टीलच्या कढईत मंद आचेवर ठेवा. लोखंडी कढई गंजते. थोड्या वेळात तडतड सुरू होईल: खड्याच्या पोटात अडकलेल्या खाऱ्या पाण्याची वाफ होते आणि खडा फुटतो. कण डोळ्यांत उडू नयेत म्हणून झाकण अर्धवट ठेवा. तडतड थांबली की गॅस बंद करा आणि मीठ पूर्ण गार होऊ द्या. कोमट मिठावर तेल घातलं तर वास उडतो, आणि बरणीत भरलं तर झाकणाला पाणी सुटतं.

चहाचे दोन चमचे तिळाच्या तेलात लॅव्हेंडर तेलाचे 15 थेंब आधी मिसळा, मग ते मिठाला चोळा. सुगंधी तेल पाण्यात विरघळत नाही. नुसतंच घातलं तर तरंगत येऊन कातडीला लागतं आणि आग होते. दालचिनी आणि लवंगेचं तेल तर नकोच. मीठ जरा जरी ओलसर असेल तर खाण्याचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड एकत्र घालू नका, सगळा फेस बरणीतच संपेल.

बादलीतलं पाणी अंगावरून लगेच वाहून जातं, त्यामुळे या मिठाचा खरा उपयोग पाय बुडवून बसायला: 4-5 लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, पंधरा मिनिटं. जखम असेल किंवा नुकतंच वॅक्सिंग केलं असेल तर नको. मधुमेहानं पाय बधिर झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाय बुडवू नयेत. पाय पुसूनच उठा, तेलानं फरशी निसरडी होते. उरलेलं पाणी मोरीतच ओता, कुंडीत नको. मीठ काचेच्या बरणीत, प्लास्टिकच्या झाकणाखाली ठेवा. पत्र्याचं झाकण गंजतं.